टेस्ट माणसांची, शोध जनावरांच्या डॉक्टरचा: रॉबिन कूम्ब्स यांची गोष्ट

गेल्या मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास माझ्या व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली. पेशंटचं नाव मोती, वय चार वर्षं, जात देशी, गाव परभणी. खाली ठळक अक्षरात एकच ओळ होती: डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, पॉझिटिव्ह.

मोती म्हणजे आमचा कुत्रा. तीन दिवस तो नीट जेवत नव्हता. परभणीचं ऊन तुम्हाला माहीत आहेच. ऊन लागलं असेल, असं म्हणून मी त्याला ताक पाजत बसलो आणि तीन दिवस वाया घालवले. चौथ्या दिवशी त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, डोळ्यांत पिवळेपणा आला आणि लघवी काळ्या चहासारखी झाली. तेव्हा कुठे मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. निरोगी कुत्र्याच्या रक्तात लाल पेशींचा वाटा साधारण ३७ ते ५५ टक्के असतो. मोतीचा १४ होता.

डॉक्टरांना शंका होती की त्याची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्याच्या लाल पेशी फोडत असावी. म्हणून नमुना बाहेरच्या लॅबला पाठवला होता आणि त्याचाच हा रिपोर्ट. मी लगेच सर्च केलं. दहा मिनिटांत माझी खात्री पटली की यावर औषध एकच, स्टेरॉइड. आजीच्या दम्याच्या गोळ्या कपाटात होत्याच. पाकीट हातात घेतलं, पण देण्याआधी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं आणि सकाळी बोलावलं.

त्या रात्री झोप लागली नाही. मोतीच्या शेजारी बसून मी वाचत राहिलो, हे कूम्ब्स नक्की कोण? तेव्हा कळलं की जगभरातल्या रक्तपेढ्या आणि प्रसूती विभागांत जी टेस्ट रोज होते, ती शोधण्यात पुढाकार होता एका जनावरांच्या डॉक्टरचा. आज त्यांचीच गोष्ट सांगतो. त्यांची टेस्ट काय सांगते आणि काय सांगत नाही, हे त्यातच कळेल.

घोड्यांपासून सुरुवात

पूर्ण नाव रॉबर्ट रॉयस्टन एमॉस कूम्ब्स. सगळे त्यांना रॉबिन म्हणायचे. जन्म ९ जानेवारी १९२१, लंडन. बालपणाचा बराच काळ दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला गेला. पुढे ते स्कॉटलंडला आले आणि एडिनबरोच्या रॉयल डिक व्हेटरिनरी कॉलेजातून १९४३ साली पशुवैद्यक झाले.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. वेब्रिज इथल्या सरकारी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेशी कूम्ब्स यांचा संबंध आला आणि काम मिळालं ग्लँडर्सवर. ग्लँडर्स हा घोड्यांचा, गाढवांचा आणि खेचरांचा जिवाणूजन्य रोग. तो माणसालाही होतो आणि आपल्याकडे आजही त्याची तपासणी चालते. घोड्याला हा रोग झालाय की नाही, हे त्याच्या रक्तातल्या अँटीबॉडी शोधून ठरवायचं, असं ते काम होतं.

अँटीबॉडी म्हणजे काय, हे आधी पाहू. शरीरात परका घटक शिरला की प्रतिकारशक्ती त्याला नेमकं चिकटणारं प्रथिन बनवते. ते जाऊन चिकटतं आणि बाकीच्या संरक्षण यंत्रणेला कळतं की हल्ला इथे करायचा आहे. मराठी पुस्तकांत त्याला प्रतिपिंड म्हणतात. अडचण अशी की अँटीबॉडी डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही नाही. ती आहे की नाही, हे तिच्या परिणामावरूनच ओळखावं लागतं. न दिसणारी गोष्ट दिसेल अशी कशी करायची, हा प्रश्न कूम्ब्स यांच्या हाती असा घोड्यांमुळे आला. तो घेऊनच ते संशोधनासाठी केंब्रिजला गेले.

केंब्रिजमधलं कोडं

केंब्रिजमध्ये त्यांची गाठ पडली रॉबर्ट रेस आणि आर्थर मोरँट या रक्तगटाच्या दोन अभ्यासकांशी. युद्धामुळे लंडनमधलं रक्तगटाचं एक संशोधन युनिट तेव्हा केंब्रिजला हलवलं होतं. तिथे एका कोड्यावर डोकं चालवणं सुरू होतं.

रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, हे ठरवणारा आरएच घटक १९४०च्या सुमारास नुकताच समोर आला होता. आई आरएच निगेटिव्ह आणि पोटातलं बाळ पॉझिटिव्ह असलं, तर कधीकधी आईच्या शरीरात बाळाच्या लाल पेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. त्या वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि बाळाचं रक्त फुटू लागतं. अशी बाळं कावीळ होऊन दगावायची.

मग आईच्या रक्तात त्या अँटीबॉडी शोधायच्या कशा? तेव्हाची पद्धत सोपी होती. आईचं सीरम घ्यायचं, त्यात आरएच पॉझिटिव्ह लाल पेशी टाकायच्या आणि गुठळ्या होतात का बघायचं. काही नमुन्यांत गुठळ्या व्हायच्या. पण काही आयांच्या बाबतीत बाळ तर आजारी असायचं आणि नळीत मात्र काहीच दिसायचं नाही. अशा न दिसणाऱ्या अँटीबॉडीला अपूर्ण अँटीबॉडी हे नाव पडलं होतं.

असं का व्हायचं? अँटीबॉडी एकाच मापाच्या नसतात. आयजीएम नावाची मोठी असते, तिला चिकटायला दहा जागा असतात. ती दोन पेशींना सहज एकत्र धरते. आयजीजी लहान, तिला दोनच हात. त्यात लाल पेशींवर ऋण विद्युतभार असल्यामुळे त्या एकमेकींपासून अंतर राखून राहतात. आयजीजी एका पेशीला चिकटते, पण तिचा दुसरा हात शेजारच्या पेशीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे पेशीवर खूण लागलेली असते, पण बाहेरून सगळं ठीकठाक दिसतं.

अंधाऱ्या डब्यात सुचलेली कल्पना

पुढचा प्रसंग कूम्ब्स यांनी स्वतः नंतर अनेकदा सांगितला आहे. युद्धाच्या दिवसांत विमानहल्ल्याच्या भीतीने रेल्वेचे दिवे जवळजवळ बंदच ठेवायचे. लंडनहून केंब्रिजला परतताना ते अशाच एका डब्यात बसले होते. उजेड इतका कमी की काही वाचताही येईना. मग त्या लाल पेशी आणि त्यांना चिकटलेल्या अँटीबॉडी ते मनातल्या मनात बघत बसले. आणि एकदम लक्षात आलं की अँटीबॉडी हे शेवटी एक प्रथिन आहे, ग्लोब्युलिन. मग या प्रथिनालाच चिकटणारी दुसरी अँटीबॉडी बनवली तर? म्हणजे अँटीबॉडीच्या विरुद्ध अँटीबॉडी.

माणसाचं सीरम सशाला टोचलं की सशाचं शरीर त्या परक्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. सशाचं ते सीरम घ्यायचं आणि खूण लागलेल्या पेशींवर टाकायचं. सशाची अँटीबॉडी एका हाताने या पेशीवरची आयजीजी पकडेल, दुसऱ्या हाताने त्या पेशीवरची. जिथे आयजीजीचा हात पोहोचत नव्हता, तिथे मधे पूल पडेल आणि गुठळी दिसेल.

आणि प्रयोगात तसंच झालं. ७ जुलै १९४५च्या लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात कूम्ब्स, मोरँट आणि रेस या तिघांचा लेख छापून आला. कूम्ब्स तेव्हा फक्त २४ वर्षांचे होते आणि पीएचडीही व्हायची होती. ती १९४७ साली झाली.

पुढे कळलं की कार्लो मोरेस्की या इटालियन संशोधकाने १९०८ सालीच हे तत्त्व मांडलं होतं, पण ते विस्मरणात गेलं. कूम्ब्स यांनी मोरेस्कीचं श्रेय मोकळेपणाने मान्य केलं. टेस्टला लोक कूम्ब्स टेस्ट म्हणत राहिले, तरी शास्त्रीय लेखनात तिचं नाव अँटीग्लोब्युलिन टेस्ट असंच आहे.

टेस्ट चालते कशी?

टेस्टचे दोन प्रकार आहेत आणि रिपोर्ट वाचताना हा फरक कळायलाच हवा.

डायरेक्ट टेस्टमध्ये पेशंटच्याच लाल पेशी घेतात. प्रश्न असतो, या पेशींवर शरीरात असतानाच खूण लागली आहे का? आधी पेशी सलाइनने पुन्हा पुन्हा धुतात. ही पायरी टाळून चालत नाही, कारण रक्तद्रवात सुट्ट्या फिरणाऱ्या अँटीबॉडी राहिल्या तर टाकलेलं रसायन त्यांच्यावरच खर्च होतं. मग अँटीग्लोब्युलिन टाकतात आणि गुठळ्या होतात का बघतात. मोतीची झाली ती हीच टेस्ट.

इनडायरेक्ट टेस्टमध्ये सीरम एकाचं आणि लाल पेशी दुसऱ्याच्या. प्रश्न असतो, या सीरममध्ये त्या पेशींविरुद्ध काही दडलंय का? गरोदर बाईची तपासणी आणि रक्त देण्याआधीची जुळवणी यांत हीच वापरतात. आता काचेच्या नळीऐवजी बऱ्याच ठिकाणी जेल कार्ड असतं. त्यात गुठळी झालेल्या पेशी जेलच्या वर अडकतात आणि सुट्ट्या पेशी तळाशी जातात. मशिन कॅमेऱ्याने ते वाचतं. तत्त्व मात्र १९४५ सालचंच.

कुत्र्याच्या बाबतीत एक महत्त्वाची गोष्ट. माणसाच्या टेस्टचं रसायन कुत्र्याला चालत नाही. कुत्र्यासाठी कुत्र्याच्या प्रथिनांविरुद्ध बनवलेलं रसायन लागतं आणि घोड्यासाठी घोड्याचं. मी आधी जवळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मोतीचा नमुना घेऊन गेलो होतो. त्यांनी तो परत केला तेव्हा राग आला होता. आता कळतंय, त्यांचंच बरोबर होतं.

शिंगराचं कोडं

टेस्ट माणसांत गाजली, तरी कूम्ब्स यांनी जनावरांकडे पाठ फिरवली नाही. १९४८ साली त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला, नवजात शिंगरांच्या रक्त फुटण्याच्या आजारावर.

हा आजार फसवा आहे. शिंगरू जन्मतं तेव्हा ठणठणीत असतं. उभं राहतं, आईला पितं. एकदोन दिवसांत मात्र मान टाकतं, पिवळं पडतं आणि कधीकधी मरतं. माणसाच्या बाळाला पोटातच त्रास होतो, मग शिंगराला जन्मानंतर का? कारण घोडीच्या वारेतून अँटीबॉडी पोटातल्या पिल्लापर्यंत जातच नाहीत. त्या जातात चिकातून. पहिल्या दिवशी शिंगराच्या आतड्यातून त्या थेट रक्तात उतरतात. एरवी हाच चीक त्याला रोगांपासून वाचवतो. पण घोडीच्या अंगात नराच्या रक्तगटाविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या असतील, तर हाच चीक घातक ठरतो.

आपल्या भागात हे कामाचं आहे. परभणीच्या शेजारी, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा आणि गाढवांचा मोठा बाजार भरतो. घोडी आणि गाढव यांच्यापासून झालेल्या खेचराच्या पिल्लात तर हा धोका जास्त असतो, कारण गाढवाच्या लाल पेशींवरचा एक घटक घोड्यांमध्ये नसतोच. आधीचं पिल्लू असं गेलं असेल, तर पुढच्या वेळी घोडीचं रक्त आधी तपासून घेता येतं. धोका दिसला, तर पहिले एकदोन दिवस शिंगराला आईला पिऊ द्यायचं नाही, दुसऱ्या सुरक्षित घोडीचा चीक पाजायचा. वेळेत कळलं तर एवढ्यानेच शिंगरू वाचतं.

घोड्याचं रक्त तपासताना आणखी एक गंमत आहे. घोड्याच्या लाल पेशी निरोगी असतानाही नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींवर रचून बसतात. नवख्याला ती गुठळीच वाटते. म्हणून काचपट्टीवर रक्तात सलाइन मिसळून बघतात. चवड असेल तर सुटते, खरी गुठळी सुटत नाही. कुत्र्यातही हीच साधी सलाइन चाचणी पहिली करतात. मोतीची आमच्यासमोरच पाच मिनिटांत झाली होती.

मुंबईशी जोडलेला धागा

कूम्ब्स यांचे सहकारी रेस युद्धानंतर लंडनला रक्तगट संशोधनाचे प्रमुख झाले. तिकडे मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉ. य. मा. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना विचित्र रक्ताचे पेशंट सापडले. रक्तगट ओसारखा दिसत होता, पण त्यांचं सीरम ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करत होतं. १९५२ साली लॅन्सेटमध्ये या शोधाचा लेख आला. त्यावर भेंडे, देशपांडे, भाटिया यांच्याबरोबर रॉबर्ट रेस यांचंही नाव आहे. आपण ज्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतो तो हाच. या लोकांना साधं ओ रक्तही चालत नाही. १९४५च्या लेखातलं एक नाव सात वर्षांनी मुंबईच्या शोधावर दिसतं, हे वाचताना मला भारी वाटलं.

त्याच वर्षी कूम्ब्स यांनी ॲन ब्लोमफील्ड यांच्याशी लग्न केलं. त्या त्यांच्याच विद्यार्थिनी होत्या. पुढे त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी झाली.

चार कप्पे, आणि एक चुकलेला अंदाज

पुढचं सगळं आयुष्य त्यांनी केंब्रिजमध्येच काढलं. १९५६ साली ब्रिटिश सोसायटी फॉर इम्युनॉलॉजी स्थापन करणाऱ्यांत ते होते. १९६३ साली फिलिप गेल यांच्याबरोबर त्यांनी प्रतिकारशक्तीच्या चुकीच्या प्रतिक्रियांचे चार प्रकार मांडले. शिंका आणि पित्त उठणं हा पहिला प्रकार. पेशीला चिकटलेल्या अँटीबॉडीमुळे पेशीच फुटणं हा दुसरा. मोतीचा आजार या दुसऱ्या कप्प्यात बसतो. वैद्यकीय आणि पशुवैद्यकीय विद्यार्थी आजही हे चार प्रकार पाठ करतात. १९६५ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९६६ ते १९८८ या काळात केंब्रिजमध्ये प्राध्यापक होते.

सगळेच अंदाज खरे ठरले असं नाही. तान्ही बाळं झोपेत अचानक का दगावतात, यावर त्यांनी १९६०च्या सुमारास सहकाऱ्यांबरोबर एक कारण सुचवलं, गाईच्या दुधाची तीव्र ॲलर्जी. या मृत्यूंचं मुख्य कारण म्हणून ते पुढे टिकलं नाही.

२५ जानेवारी २००६ रोजी ते वारले, वयाच्या ८५व्या वर्षी. त्याच्या कितीतरी आधी, १९५०च्या दशकातच, त्यांची टेस्ट कुत्र्यांमधला हा आजार ओळखायला वापरली गेली होती. जनावरांच्या डॉक्टरने माणसांसाठी शोधलेली टेस्ट अशी फिरून जनावरांकडे आली.

मोतीचा रिपोर्ट, पुन्हा एकदा

सकाळी डॉक्टरांनी मला जे समजावलं, ते कूम्ब्स यांच्याच कामाचं सार होतं. टेस्ट सांगते की पेशीवर खूण लागली आहे. ती कोणी आणि का लावली, हे टेस्ट सांगत नाही. कधी प्रतिकारशक्ती विनाकारण बिघडते. कधी मुळाशी औषध असतं, कधी कॅन्सर, आणि आपल्याकडे फार वेळा गोचीड. गोचिडातून बबेसिया नावाचा परजीवी लाल पेशीत शिरतो आणि त्याच्याशी लढताना प्रतिकारशक्ती चांगल्या पेशींवरही खुणा लावत सुटते. कुत्र्यांतला लहान आकाराचा बबेसिया सूक्ष्मदर्शकाखाली हुकू शकतो. म्हणून डॉक्टरांनी त्याची पीसीआर टेस्ट आधीच पाठवली होती.

दुपारी तो रिपोर्ट आला. बबेसिया पॉझिटिव्ह.

म्हणजे रात्री मी मनानेच आजीच्या गोळ्या चारल्या असत्या, तर आत परजीवी जिवंत असताना मोतीची प्रतिकारशक्ती दाबून टाकली असती. स्टेरॉइड वाईट नाही. या आजारात ते बऱ्याचदा लागतंच, मोतीलाही पुढे थोडे दिवस दिलं. पण परजीवीवरचं औषध सुरू झाल्यावर, मोजून, रोज रक्त तपासत. एका मोठ्या कुत्र्याचं रक्तही चढवावं लागलं. त्याआधी दोघांचं रक्त जुळवून पाहिलं. दोन महिन्यांनी मोतीचा आकडा १४ वरून ३८ वर आला.

तुमच्या कुत्र्यावर किंवा घोड्यावर अशी वेळ आली, तर एवढं लक्षात ठेवा:

- हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या, लघवी गडद, धाप लागणं, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. माझ्यासारखे तीन दिवस घालवू नका.
- स्टेरॉइड सुरू करण्याआधी रक्ताचा नमुना घेतलेला बरा, नाहीतर टेस्टचा निकाल बदलू शकतो.
- लॅबला विचारा, रसायन त्याच प्राण्याचं आहे ना?
- निगेटिव्ह आलं म्हणजे आजार नाहीच, असं नाही. पॉझिटिव्ह आलं म्हणजे कारण सापडलं, असंही नाही.
- याआधी रक्त चढवलं असेल, कोणतं औषध चालू असेल किंवा अंगावर गोचीड दिसले असतील, तर ते आठवून सांगा.

मोतीची ती पीडीएफ मी अजून डिलीट केलेली नाही. रोज संध्याकाळी त्याच्या कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधतो. दोन मिनिटं लागतात. त्यालाही आता सवय झालीय, आपणहून पंजा पुढे करतो.